मान वळवून बघणारा रोबो: बाजारातल्या सुट्या भागांतून घरी कसा बांधावा

माणसांशी संवाद साधणारा रोबो बांधायचा म्हटलं की पहिले पैसे जातात चाकांवर आणि हातांवर. तिथेच बजेट संपतं, आणि उरतो तो इकडून तिकडे धावणारा, कोणाकडेही न बघणारा डबा. जपानमध्ये हिदेकी कोझिमा यांनी घडवलेला कीपॉन हा रोबो आधी डोळ्यांपुढे आणा. पिवळ्या रबराचे दोन गोळे एकावर एक. हात नाहीत, तोंड नाही. डोळ्यांच्या जागी कॅमेरे, नाकात माइक. हालचाली चारच: मान डोलावणं, वळणं, बाजूला कलणं आणि जागच्या जागी खालीवर होणं. एवढ्या भांडवलावर तो ऑटिझम असलेल्या मुलांबरोबरच्या संशोधनात वापरला गेला.

रोबोत जीव आहे असं वाटणं हे चेहऱ्यावर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून असतं. हाक मारल्यावर तो किती लवकर वळला, वळताना आधी डोळे फिरले की मान, बोलणं संपल्यावर किती वेळ तो दगडासारखा बसून राहिला, यावरून माणूस अर्ध्या मिनिटात त्याचा निकाल लावून मोकळा होतो. म्हणून या लेखात मान, डोळे आणि उशीर या तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

बांधायचा आहे तो टेबलावर बसणारा, साधारण २५ सेंटिमीटर उंचीचा रोबो. तो मान डावी-उजवी वळवेल, खालीवर करेल, खांद्याकडे कलवेल. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघेल. डोक्यावर हात ठेवला की ओळखेल. मराठीत थोडकं ऐकेल आणि बोलेल.

सामान

- रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’ (२ जीबी पुरतो), त्याचा स्वतःचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, ३२ जीबीचं कार्ड
- एमजी९०एस सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर वळून थांबणारी छोटी मोटर) ३, आणि चौथा राखीव
- पीसीए९६८५ सर्व्हो ड्रायव्हर बोर्ड १
- सर्व्होंसाठी वेगळा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय
- १००० मायक्रोफॅरड, किमान १० व्होल्टचा कपॅसिटर १
- ०.९६ इंची ओएलईडी डिस्प्ले २ (१२८ बाय ६४ ठिपके, आयटूसीवर, म्हणजे दोन तारांवर अनेक भाग पायशी जोडायच्या पद्धतीवर, चालणारे)
- पायचा दुसऱ्या आवृत्तीचा कॅमेरा, किंवा साधा यूएसबी वेबकॅम
- यूएसबी माइक १
- मॅक्स९८३५७ए अँप्लिफायर बोर्ड, ४ ओहम ३ वॅटचा स्पीकर
- टीटीपी२२३ स्पर्श सेन्सर २, तांब्याची चिकटपट्टी
- ६८०५ नंबरचं बेअरिंग १
- ५ मिमी सनबोर्ड, तळासाठी ३ मिमी एमडीएफ, एम२ आणि एम३ स्क्रू, सिलिकॉनच्या आवरणाच्या मऊ वायरी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे यातलं बहुतेक सामान हातात घेऊन बघता येतं. बाकी ऑनलाइन मागवता येतं. बेअरिंग मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारू नका, बेअरिंगवाल्याकडेच जा.

निळा एसजी९० सर्व्हो स्वस्त आहे, पण त्याचे दाते प्लॅस्टिकचे असतात. लहान मूल रोबोचं डोकं धरून पिळणारच, आणि पहिल्याच दिवशी दाते झडतील. एमजी९०एसचे दाते धातूचे. नकली माल भरपूर असल्याने घेतल्यावर एक चाचणी करा: सर्व्होला वीज आणि सिग्नल देऊन मधोमध थांबवा आणि हॉर्न (त्याच्या दांड्यावर बसणारी छोटी पट्टी) बोटाने हलका हलवून बघा. तीन-चार अंशांपेक्षा जास्त सैल लागला तर तो मानेत लावू नका.

मान: वजनाचं गणित आधी, कात्री नंतर

तीन सर्व्होंचा क्रम खालून वर असा: वळण धडात, त्यावर खालीवर, त्यावर कलणं. उलटा लावला तर वळणाच्या सर्व्होचं वजनही बाकीच्या दोघांना उचलावं लागतं.

एमजी९०एसची कमाल ताकद ४.८ व्होल्टला सुमारे १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो. ती अडून बसल्यावरची ताकद. नेहमीच्या कामासाठी तिचा एक तृतीयांश, म्हणजे ०.६ धरा. आता डोक्याचं वजन १५० ग्रॅम असेल आणि त्याचा तोल आसाच्या ४ सेंटिमीटर पुढे असेल तर ०.१५ गुणिले ४ बरोबर ०.६. मर्यादा इथेच संपली. डोकं ३०० ग्रॅमचं आणि तोल ६ सेंटिमीटर पुढे असेल तर १.८ होतात, सर्व्हो तापेल, घुरघुरेल आणि हळूहळू मान टाकेल.

यावर मोठा सर्व्हो हा उपाय नव्हे. मोठा सर्व्हो जास्त आवाज करतो आणि एवढ्याशा रोबोत माइक त्याच्यापासून फार लांब नेता येत नाही. त्यापेक्षा तोल आसावर आणा. डोळ्यांचे डिस्प्ले पुढे असतात, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला दोन-तीन नट चिकटवून बघा. वीज बंद असताना डोकं कुठेही सोडलं तरी तिथेच राहिलं पाहिजे. हा तोल नीट साधला तर पुढे आणखी एक सोय मिळते: रोबो निवांत असताना सर्व्होचा सिग्नल बंद करता येतो, आणि ती सततची बारीक गुणगुण थांबते.

वळणाच्या सर्व्होवर डोक्याचा भार सरळ टाकू नका. हॉर्नच्या बारक्या स्क्रूवर सगळं वजन आलं की आठवड्याभरात डोकं डुगडुगायला लागतं. ६८०५ बेअरिंगचा आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ३७ मिमी आणि जाडी ७ मिमी. बाहेरची कडी धडाच्या वरच्या पाट्यात घट्ट बसवा, आतल्या कडीत डोक्याचा खांब. भार बेअरिंग घेतं, सर्व्होने फक्त फिरवायचं. खांबाच्या पोकळीतून डोक्याकडच्या वायरी वर जातात. वळण दोन्ही बाजूंना ६० अंशांपुरतं ठेवलं आणि आत वायरीचा एक सैल वेटोळा सोडला तर त्या पिळल्या जात नाहीत. एकतारी कडक वायर इथे चालत नाही, आतल्या आत तुटते.

हॉर्न बसवण्याआधी प्रत्येक सर्व्होला १५०० मायक्रोसेकंदांचा सिग्नल देऊन मध्यावर आणा, मग डोकं सरळ धरून हॉर्न दाबा. दात्यांमुळे तो थोडा तिरका बसेल. उरलेला फरक प्रोग्रॅममध्ये भरून काढा. पीसीए९६८५च्या आतलं घड्याळ थोडं पुढेमागे असतं, त्यामुळे प्रत्येक बोर्डावर मध्यबिंदू वेगळा येतो. बोर्ड बदलला की माप पुन्हा घ्या.

धड सनबोर्डचं, तळ एमडीएफचा किमान १६ सेंटिमीटर रुंद. डोकं झटक्यात वळलं की हलका रोबो स्वतःच टेबलावर फिरतो. तळाखाली रबरी बूट लावा आणि सर्व्होंचा पॉवर सप्लाय खालच्याच कप्प्यात ठेवा, वजन कामी येतं. चेहऱ्यावर माणसासारखी कातडी, ओठ, भुवया यांच्या नादाला लागू नका. जवळजवळ माणूस पण पुरता नाही अशा आकृतीची लोकांना शिसारी येते, हे जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच मांडलं होतं. त्यापेक्षा लहान मुलाची विणलेली कानटोपी डोक्यावर चढवा: वायरी झाकल्या जातात, आणि लोकांना हात लावावासा वाटतो. लोकर मानेच्या फटीत जाणार नाही एवढं बघा.

वीज

अशा रोबोंतले निम्मे बिघाड इथले असतात. एमजी९०एस अडून बसला की पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतो. तिघे मिळून सव्वादोन, आणि एकाच क्षणी सुरू झाले तर क्षणभर त्याहून जास्त. हे पायच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून घेतलं तर पायचा व्होल्टेज कोसळतो. ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय पडद्यावर विजेचं चिन्ह दाखवतो, नंतर मंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो.

म्हणून दोन वेगळे पुरवठे. पायला त्याचा अडॅप्टर. सर्व्होंचा ५ व्होल्टचा सप्लाय पीसीए९६८५च्या हिरव्या स्क्रूच्या कनेक्टरवर, आणि तिथेच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ध्रुव बघून. दोन्ही पुरवठ्यांचं ग्राउंड (ऋण बाजू) मात्र एकमेकांना जोडलेलंच हवं. ते राहिलं तर सर्व्हो मनाला येईल तसे उडतात आणि दोष प्रोग्रॅममध्ये शोधला जातो.

या बोर्डावर दोन वीजजोडण्या आहेत. एक बोर्डाच्या चिपसाठी: ती पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला द्या, ५ला नाही. ५ला जोडली तर बोर्डावरचे रेझिस्टर आयटूसीच्या दोन्ही रेषा ५ व्होल्टकडे खेचतात आणि पायच्या पिनांना तेवढं झेपत नाही. दुसरी जोडणी सर्व्होंची, ती वर सांगितली. डेटाची रेष पायच्या ३ नंबरच्या पिनेवर, क्लॉकची ५ नंबरच्या.

बॅटरीचा मोह सगळं व्यवस्थित चालेपर्यंत आवरा. उतरलेली बॅटरी आणि चुकलेला प्रोग्रॅम यांची लक्षणं सारखीच दिसतात.

डोळे

दोन्ही ओएलईडी एकाच आयटूसी रेषेवर बसतात, पण कारखान्यातून दोघांचा पत्ता एकच येतो. पाठीमागे एक बारका रेझिस्टर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर डकवला की एकाचा पत्ता बदलतो. तिथे ७८ आणि ७ए असं छापलेलं असतं. प्रोग्रॅममध्ये ते ३सी आणि ३डी असे लिहायचे. सर्व्हो बोर्डाचा पत्ता ४० (हे सगळे आकडे हेक्साडेसिमल), त्यामुळे टक्कर होत नाही. वीज देण्याआधी पिनांची नावं वाचा. एकाच दिसणाऱ्या दोन डिस्प्लेंवर ग्राउंड आणि वीज यांच्या जागा उलट असू शकतात, आणि उलट जोडलेला डिस्प्ले सहसा दुसरी संधी देत नाही. १.३ इंची डिस्प्ले घेतलात तर त्यात बहुधा दुसरी चिप असते. चुकीच्या लायब्ररीवर चित्र दोन रांगा बाजूला सरकतं.

आता डोळे मिचकावण्याचा वेग. एका डिस्प्लेचं पूर्ण चित्र १०२४ बाइटांचं. पोचपावतीचे बिट धरून ९२१६ बिट. पायवर आयटूसीचा मूळ वेग सेकंदाला १ लाख बिट, म्हणजे एका डोळ्याला ९२ मिलिसेकंद, दोघांना १८४. सेकंदाला जेमतेम पाच चित्रं. पापणीची उघडझाप मुळात १५० ते ३०० मिलिसेकंदांची असते. ती एका चित्रात उरकते आणि डोळा मिटल्यासारखा नव्हे, बिघडल्यासारखा दिसतो. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयटूसीचा वेग ४ लाख करा. दोन्ही डोळे ४६ मिलिसेकंदांत होतात, सेकंदाला वीसेक चित्रं मिळतात, आणि तेवढी पुरतात.

काळ्या पार्श्वभूमीवर गोल कोपऱ्यांचा पांढरा चौकोन हाच डोळा. बुबुळ काढायचं तर पांढऱ्यात काळा ठिपका. वरची कडा तिरपी कापली की राग, खालची वर उचलली की हसू, उंची निम्मी केली की झोप. एवढ्यावर भागतं. पापणी मिनिटाला १५ ते २० वेळा, पण ठरावीक अंतराने नको. दोन ते सहा सेकंदांमधला कोणताही आकडा यदृच्छेने घ्या आणि अधूनमधून दोनदा पाठोपाठ मिचकवा.

कॅमेरा धडात, डोक्यात नको

डोळ्यांच्या मधे कॅमेरा बसवावासा वाटतो. तिथे बसवला की असं होतं: चेहरा उजवीकडे दिसला, मान उजवीकडे निघाली, कॅमेराही तिच्याबरोबर निघाला, पण हातातलं चित्र दीड-दोन दशांश सेकंद जुनं, त्यामुळे मान पुढे निघून जाते, मग परत येते, आणि रोबो सतत नकारार्थी मान हलवत बसतो. दिसलेल्या फरकाच्या किती पट मान वळवायची तो गुणांक कमी करून हे आटोक्यात येतं, पण मग तो सुस्त होतो.

कॅमेरा धडावर पक्का करा, १५ अंश वर बघणारा. दुसऱ्या आवृत्तीच्या पाय कॅमेऱ्याची आडवी नजर ६२.२ अंशांची. ३२० ठिपके रुंदीच्या चित्रात एका अंशाला साधारण ५ ठिपके. चेहऱ्याचा मध्य चित्राच्या मध्यापासून ८० ठिपके उजवीकडे, तर मान सरळ १६ अंशांवर. ना गुणांक, ना हेलकावे. डोकं कॅमेऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर वर असल्याने माणूस ६० सेंटिमीटरवर असताना उभ्या कोनात ९-१० अंशांचा आणि दीड मीटरवर ४ अंशांचा फरक पडतो. वर बघण्याच्या कोनातून सरसकट ६ वजा केले तरी समोरच्याला नजर आपल्यावरच वाटते.

चेहरा शोधायला ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या लायब्ररीतला यूनेट (YuNet) पायवर चांगला चालतो. जुनी ‘हार कॅस्केड’ (Haar) पद्धत तिरप्या चेहऱ्याला दाद देत नाही आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये चेहरे बघते. सेकंदाला दहा वेळा शोधलं की पुरे. तीन अंशांपेक्षा कमी फरक असेल तर मान हलवू नका. चेहरा दिसेनासा झाला तरी लगेच मान वळवू नका, दीड सेकंद वाट बघा. माणसाने नुसती मान खाली घातली असेल. दोन चेहरे असतील तर मोठा निवडा आणि किमान तीन सेकंद त्याच्यावरच राहा, नाहीतर रोबो टेनिसची मॅच बघत असल्यासारखा दिसतो.

रोबो खिडकीकडे तोंड करून ठेवू नका. माणसाच्या मागून उजेड आला की चेहरा काळा पडतो आणि काहीच सापडत नाही. उजेड रोबोच्या पाठीमागून, माणसाच्या तोंडावर पडायला हवा.

हालचाल

सर्व्होला नुसता नवा कोन दिला तर तो सेकंदाला ६०० अंशांच्या आसपास वेगाने तिथे आपटतो. बघणारा दचकतो. प्रत्येक हालचाल वेळेत वाटून द्यायची. झालेल्या वेळेचा वाटा क (० ते १) धरला तर झालेल्या अंतराचा वाटा असा: १०क³ − १५क⁴ + ६क⁵. पाव वेळेत फक्त एक दशांश अंतर, अर्ध्या वेळेत अर्धं, शेवटी पुन्हा हळू. ३० अंशांच्या वळणाला ०.६ सेकंद द्या. सर्व्होला सेकंदाला ५० वेळा नवा आकडा पाठवा. सिग्नलच २० मिलिसेकंदांचा असल्याने त्याहून जास्त पाठवून फायदा नाही.

बुबुळ आधी उडी मारून लक्ष्यावर जाऊ द्या. १५० मिलिसेकंदांनी मान निघेल, आणि मान पोचता पोचता बुबुळ परत मध्यावर येईल. या एका बदलाने रोबोला नजर येते. बाकी काहीही केलं नाही तरी हे करा.

खूप सावकाश हालचाल मात्र या सर्व्होंना जमत नाही. पीसीए९६८५ २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करतो, म्हणजे एक पायरी ४.८८ मायक्रोसेकंदांची, अंशांत ०.४४. सर्व्होही तेवढ्या बारीक फरकाकडे दुर्लक्षच करतो. त्यामुळे ‘श्वास घेतल्यासारखी’ दोन अंशांची चार सेकंदांची मान प्रत्यक्षात टक-टक-टक अशी पाच पायऱ्यांत जाते. श्वास मानेतून काढून डोळ्यांत घाला: डोळ्याची उंची चार सेकंदांत दोन ठिपके वरखाली. मान मात्र स्थिर, आणि पाच ते दहा सेकंदांनी एखादी छोटी, चटकन केलेली हालचाल.

आणि टक लावून बघू देऊ नका. तीन-चार सेकंद बघितलं की एखादा सेकंद नजर बाजूला न्या, मग परत आणा. सतत रोखलेली नजर माणसाला नको होते, ती दोन पांढऱ्या चौकोनांची असली तरी.

प्रोग्रॅमची मांडणी

सगळं एकाच पायथॉन फाइलीत एका चक्रात लिहिलं तर रोबो ऐकत असताना गोठतो. हालचाल, डोळे, बघणं आणि ऐकणं-बोलणं यांच्या वेगळ्या प्रक्रिया करा आणि त्यांच्यात छोटे निरोप जाऊ द्या. फक्त आयटूसीच्या रेषेवर डोळे आणि सर्व्हो दोघे असल्याने तिथे कुलूप हवं: एकाचं लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. मधे एक छोटी स्थिती ठेवा: झोप, जागा, लक्ष, ऐकतोय, विचार, बोलतोय. प्रत्येक स्थितीत डोळे आणि मान काय करतील ते कागदावर आधी लिहा.

बुद्धी घालण्याआधी एक दिवस रोबो कीबोर्डवरून चालवा. दुसऱ्या खोलीत बसा, कळ दाबली की मान डोलावेल, दुसऱ्या कळीला हसेल, तिसरीला ठरावीक वाक्य म्हणेल, आणि समोर घरातली माणसं बसवा. माणूस आणि रोबो यांच्या अभ्यासात ही जुनी, मान्य पद्धत आहे. लोक काय विचारतात, कुठे हात लावतात, कधी कंटाळतात ते त्यातून कळतं. बहुतेक वेळा लोक ठरवलेल्या पंचवीस प्रश्नांतले चारच विचारतात: नाव काय, काय करतोस, मला ओळखतोस का, आणि नाचून दाखव.

मराठी ऐकणं आणि बोलणं

पायवर ऑफलाइन मराठी ओळखण्याची अपेक्षा माफक ठेवा. व्हिस्पर या आवाज ओळखणाऱ्या मॉडेलला मराठी येतं, पण त्याची छोटी मॉडेलं मराठीत फार चुकतात आणि मोठी पायवर वेळेत पळत नाहीत. दोन वाटा आहेत: इंटरनेटवरची आवाज ओळखण्याची सेवा, किंवा त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवर मोठं मॉडेल. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने मराठी ऐकण्या-बोलण्याची मॉडेलं खुली केली आहेत. ग्राफिक कार्ड असलेल्या लॅपटॉपवर ती वापरून बघा.

शब्द जुळवताना सामान्यरूप विसरू नका. यादीत नुसतं ‘शाळा’ ठेवलं तर ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेतून’ यांपैकी काहीच जुळत नाही. ‘शाळा’ आणि ‘शाळे’, ‘पाणी’ आणि ‘पाण्या’, ‘घोडा’ आणि ‘घोड्या’ अशा जोड्या ठेवा आणि शब्दाची सुरुवात जुळली की झालं असं माना. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. जुळवण्याआधी मजकूर एकाच रूपात आणा, नाहीतर पडद्यावर हुबेहूब दिसणारे दोन शब्द कधीच जुळणार नाहीत.

बोलण्यासाठी साठ-सत्तर वाक्यं माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. फोनवर, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे घुमत नाही. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पट्टी दोन-तीन स्वर वर चढवा. नेहमीच्या वाक्यांचे तीन-तीन प्रकार हवेतच; तेच ‘अरे वा’ त्याच सुरात चौथ्यांदा आलं की खेळ संपतो. आयत्या वेळच्या वाक्यांसाठी ईस्पीक एनजी पायवर सहज चालतो आणि मराठी बोलतो. आवाज यांत्रिक आहे, पण त्याचा फायदाही आहे: लोक त्याच्याकडून फार हुशारीची अपेक्षा करत नाहीत. कोणताही यांत्रिक आवाज निवडताना ‘चाक’ आणि ‘चार’, ‘जग’ आणि ‘जीव’ म्हणायला लावून बघा. दोन्हीकडे एकच च आणि एकच ज ऐकू आला तर ती वाक्यं माणसाकडून रेकॉर्ड करा. आकडे अक्षरांत लिहून द्या.

मराठीत रोबोला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं: ‘मी ऐकतो’ की ‘मी ऐकते’. टाळायचं असेल तर ‘मला ऐकू येतंय’, ‘मला आवडलं’ अशी वाक्यरचना ठेवा. मुलांना तू, बाकी सगळ्यांना तुम्ही. आजींना ‘तू कशी आहेस’ म्हणणारा रोबो त्या दिवशी परत चालू केला जात नाही.

आता उशीर. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी एक पंचमांश सेकंदाची असते. तुमचा रोबो उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद घेणार. ती फट झाकायची. बोलणं थांबल्यापासून ७०० मिलिसेकंद शांतता झाली की वाक्य संपलं असं धरा (लहान मुलांसाठी १२००, ती मधे थांबतात), आणि त्याच क्षणी, काहीही समजण्याआधी, डोळे मोठे, मान थोडी कललेली. मग नजर वर-बाजूला आणि हवं तर एक ‘हंऽऽ’. उत्तर मोठ्या भाषिक मॉडेलकडून आणत असाल तर दोन वाक्यांची मर्यादा घाला. टेबलावरच्या खेळण्याने परिच्छेद वाचून दाखवला की ऐकणारा फोन काढतो.

रोबो बोलत असताना आणि त्यानंतर ३०० मिलिसेकंद माइक बंद ठेवा, नाहीतर तो स्वतःलाच उत्तर देत बसतो. माइक सर्व्होंपासून लांब, धडाच्या पुढच्या बाजूला, फोमच्या तुकड्यात बसवा, डोक्यात नको.

स्पर्श

टीटीपी२२३ दोन-तीन मिमी प्लॅस्टिकच्या आडून हात ओळखतो. तांब्याची पट्टी डोक्याच्या आतून चिकटवून सेन्सरच्या पॅडला जोडली की अख्खा माथा स्पर्श ओळखतो. तो चालू होताना स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे वीज देताना डोक्यावर हात नको. सर्व्होंच्या सप्लायमुळे खोटे स्पर्श येत असतील तर सेन्सरला पायचे ३.३ व्होल्ट द्या आणि ५० मिलिसेकंदांच्या अंतराने दोनदा तेच वाचन आलं तरच खरं माना. प्रदर्शनात, गोंगाटात, आवाज ओळखणं पार कोलमडतं. तिथे स्पर्श हाच मुख्य मार्ग ठेवा: डोक्याला हात लावला की तो वळतो, हसतो, एक वाक्य बोलतो.

बिघडतं तेव्हा

रोबो बोलायला लागला की पाय बंद पडतो: अँप्लिफायर पायकडूनच वीज घेतो आणि मोठ्या आवाजाला भरपूर ओढतो. आवाज कमी करा, अँप्लिफायरच्या वीजपिनांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अडॅप्टरची वायर आखूड आणि जाड घ्या.

डोळ्यांवर मुंग्या येतात किंवा चित्र गोठतं: आयटूसीची वायर लांब झाली किंवा सर्व्होंच्या वायरींना चिकटून गेली. ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, वेगळ्या वाटेने न्या. शिवाय लिहिताना चूक आली तर डिस्प्ले पुन्हा सुरू करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये हवीच.

मान एका जागी थरथरते: आधी ग्राउंड तपासा, मग तोल. दोन्ही ठीक असेल तर हालचाल संपल्यावर अर्ध्या सेकंदाने सिग्नल बंद करा.

अर्ध्या तासाने सगळं सुस्त होतं: कानटोपी आणि सनबोर्डच्या आत पाय तापला. ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करतो. तळाला आणि पाठीला भोकं पाडा, हीटसिंक लावा. ५ व्होल्टचा पंखा ३.३ व्होल्टवर चालवला की माइकला त्रास होत नाही.

इतरांच्या हाती देण्याआधी

कॅमेऱ्यासमोर सरकतं झाकण बसवा, प्रोग्रॅममधलं बटण नव्हे, बोटाने सरकवायचं. चित्रं आणि आवाज साठवू नका. चेहऱ्याची जागा कळली की चित्राचं काम संपलं. आवाज इंटरनेटवर पाठवत असाल तर समोरच्याला तसं आधी सांगा. शाळेत मुलांची माहिती साठवणार असाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, ती लेखी घ्या.

बंद करण्यासाठी एक वेगळं बटण हवं, जे आधी पायला नीट बंद करेल. प्लग सरळ उपटत राहिलात तर कधीतरी कार्डावरची फाइल खराब होणार. सगळं चालायला लागलं त्याच दिवशी कार्डाची प्रत काढून दुसऱ्या कार्डावर ठेवा, आणि ती दोन्ही कार्डं, राखीव सर्व्हो, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि प्रत्येक सर्व्होच्या मध्यबिंदूचे आकडे लिहिलेली चिठ्ठी एका डबीत घालून रोबोच्या तळाच्या कप्प्यातच ठेवा.